आपले मत कशाने बदलेल? श्रद्धावान आणि नास्तिक, दोघांनाही एक प्रश्न

गोदातीर (नांदेड)

नमस्कार मंडळी.

देव आहे की नाही, विज्ञान मोठे की श्रद्धा, हा वाद आपल्याकडे पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे चालतो आणि बहुतेक वेळा जिथे सुरू झाला तिथेच थांबतो. नास्तिक 21 सप्टेंबर 1995 ची आठवण काढतो. त्या दिवशी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या आणि चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे मूर्तीवरून खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले होते. श्रद्धावान त्यावर म्हणतो की, जाणीव म्हणजे काय हे विज्ञानाला अजून सांगता आलेले नाही. दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे असते, परंतु कोणीच समोरच्याच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो. कोणती गोष्ट घडली, दिसली किंवा सिद्ध झाली तर तुम्ही आपले आजचे मत सोडाल? अट आधी सांगावी, निकाल लागल्यानंतर नव्हे. माझे स्वतःचे मत असे आहे की, ज्याला आपल्या मताबद्दल अशी अट सांगता येत नाही, त्याने ते मत मनात खुशाल बाळगावे, पण त्याच्या भरवशावर दुसऱ्याचा पैसा, शरीर किंवा वेळ खर्ची घालू नये. हे मी दोन्ही बाजूंना सारखेच लागू करतो.

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

मी शेतकरी आहे आणि श्रद्धावान आहे. ज्या जिल्ह्याला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातला असल्यामुळे उदाहरण पाण्याचेच देतो.

आमच्या शेजारच्या गावात एक पाणाडे आजोबा आहेत. ते पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले, आहेत. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते अनवाणी रान फिरतात आणि पाण्याच्या जागी आले की नारळ उभा राहतो. आमच्या वडिलांची विहीर त्यांनीच दाखवलेल्या जागी खोदली, तिला सात परसांवर पाणी लागले आणि ती 2012 च्या दुष्काळातही पूर्ण आटली नाही. आजोबा पैसे घेत नाहीत. टोपी, उपरणे आणि तो नारळ, एवढाच त्यांचा मान. त्यांना भोंदू म्हणणाऱ्याला मी माझ्या ओसरीवर बसू देणार नाही. आता मला सांगा, हे डोळ्यांनी पाहिलेले असताना मी मत कशासाठी बदलायचे?

काळापाषाण

मांजराकाठ दादा, आजोबांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो आणि मला भेटलेले बहुतेक पाणाडे मनापासून ते काम करणारे होते. नारळ खरोखरच हलतो. प्रश्न एवढाच आहे की, तो पाण्यामुळे हलतो का. आपल्या नकळत हाताचे स्नायू अपेक्षेप्रमाणे हालचाल करतात, याचे वर्णन विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने 1852 मध्येच करून ठेवले आहे. आडवा नारळ तळहातावर असा काही तोललेला असतो की, बोटांचा किंचित कल बदलला तरी तो उलटतो. त्या वेळी नारळ आपण हलवत नाही असेच त्या माणसाला वाटत असते, आणि ते वाटणे खोटे नसते.

आता विहिरीविषयी. आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक रचलेले आहेत. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटलेला आणि भेगा पडलेला खडक, मग टणक काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे लाल गेरू. पाणी मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र खडकात असते; टणक पाषाणात ते जवळजवळ नसतेच. विहिरीचा घेर मोठा असतो आणि ती मुरमातून उतरते. त्यामुळे ओढ्याजवळच्या किंवा सखल रानात, जिथे मुरूम जाड आहे तिथे, पाणाड्याने दाखवलेल्या जागेच्या शंभर पावले इकडे किंवा तिकडे खोदले असते, तरीही पाणी लागण्याची शक्यता चांगली होती. शिवाय पन्नास वर्षे रान पाहणाऱ्या माणसाला उंबर कुठे वाढतो, वारुळे कुठे दिसतात, उन्हाळ्यात गवत कुठे उशिरा वाळते, हे ठाऊक असते. आजोबांचे ते ज्ञान मी मानतो. नारळाचे ज्ञान मानत नाही.

बोअरची गोष्ट निराळी आहे. सहा इंचांचे भोक एखाद्या भेगेला छेदून गेले तर पाणी, नाहीतर नुसता फुफाटा. बोअरची गाडी रात्री बांधावर उभी असते, कॉम्प्रेसरच्या आवाजात कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही, भोकातून करडी पूड उडत असते आणि शेतकरी दर वीस फुटांनी मूठभर पूड हातात घेऊन ती ओलसर लागते का ते पाहत असतो. फुटाफुटाला पैसे वाढत असतात. तीनशे फूट झाले की गाडीवाला विचारतो, "अजून घ्यायचे का?" आणि शेतकरी म्हणतो, "पाणाड्याने चारशेवर सांगितले आहे." गोदातीर सरांनी दुसऱ्याच्या पैशाचा जो मुद्दा मांडला, तो मला या ठिकाणी सर्वांत खरा वाटतो. पाणाड्याने मानधन घेतले नाही, तरी कोरड्या बोअरचे कर्ज शेतकऱ्याच्याच अंगावर राहते.

पूर्णा

काळापाषाण साहेब, यंत्र लावून काढलेले बोअरचे पॉइंटही कोरडे जातात. आमच्या वस्तीवर तीन वेळा गेले. त्या वेळी फी मात्र पूर्ण घेतली गेली. याचा हिशोब कोणी द्यायचा?

काळापाषाण

जातात, आणि हिशोब मागण्याचा तुमचा हक्क पूर्ण आहे. जमिनीत वीज सोडून खडकाचा विद्युत रोध मोजला जातो आणि त्यावरून खाली ओलसर, फुटलेला थर असावा असा अंदाज बांधला जातो. तो अंदाजच असतो. फरक असा की, कोणत्या प्रकारच्या खडकात ही पद्धत फसते हे त्या विषयाच्या पुस्तकांत लिहिलेले असते, आणि जो तज्ज्ञ ते आधी न सांगता खात्री देतो, त्याला मी पाणाड्याहून अधिक दोषी धरतो, कारण त्याला ते माहीत असते.

गंगाखेडचा वारकरी

राम कृष्ण हरी. मी सेवानिवृत्त शिक्षक आहे, विज्ञानच शिकवत असे, आणि वारीही करतो. मूळ प्रश्नाचे उत्तर मला प्रामाणिकपणे द्यावेसे वाटते.

जनाबाईंचे गाव आमचे, नामदेवांची नरसी हिंगोलीकडे, गोरोबाकाकांचे तेर धाराशिवकडे, नाथांचे पैठण वर गोदेकाठी. संतांच्या कथांत ज्ञानेश्वरांच्या सांगण्यावरून पैठणचा रेडा वेद म्हणतो आणि विठ्ठल जनाबाईंबरोबर दळण दळतो. रेड्याच्या स्वरयंत्रातून ऋचा उमटू शकत नाहीत, हे मी वर्गात कोणत्याही मुलाला सांगितले असते आणि त्याच संध्याकाळी कीर्तनात ती कथा डोळ्यांत पाणी आणून ऐकली असती. त्या कथेत ज्यांना वेदांचा अधिकार नाकारला होता त्यांच्या बाजूने देव उभा राहतो, आणि मी ऐकतो ते हेच. म्हणून उद्या कोणी रेड्याच्या कंठाची चिरफाड करून दाखवली तरी माझ्या श्रद्धेचे काहीही बिघडणार नाही.

मग माझी श्रद्धा कशाने ढळेल? दिंडीत एखाद्याला त्याच्या जातीवरून पंगतीतून उठवले गेले आणि सगळे गप्प बसले, तर ढळेल. तसे एकदा होता होता राहिले, त्या रात्री मला हरिपाठ म्हणवला नाही. माझी अट ही आहे. ती प्रयोगशाळेत तपासता येणार नाही, पण रस्त्यावर रोज तपासली जाते.

नवस-सायासांबद्दल म्हणाल, तर तुकोबांनी त्यांची जेवढी खिल्ली उडवली आहे, तेवढी कोणत्याही नास्तिकाने उडवलेली नाही.

तेरणा

वारकरी गुरुजी, तुमचे उत्तर वाचून मला माझे लिहिण्याचे बळ आले. मी नास्तिक आहे, परंतु विज्ञान वाचून झालो नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला चारच मिनिटे कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन करून आलेली गावे गाढ झोपेत होती. आमचे घर औशाकडच्या भागात, माळवदाचे. ज्यांनी माळवद पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन-अडीच फूट जाडीच्या, गोल दगड आणि चिखलाच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर किलचन, म्हणजे लाकडाच्या चिपा, आणि त्यावर पांढरीच्या मातीचा थर. दरवर्षी पावसाळ्याआधी घर गळू नये म्हणून त्यावर आणखी माती घातली जाई, म्हणजे छताचे ओझे पिढ्यान् पिढ्या वाढतच गेलेले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकमेकांत गुंफणारे लांब दगड घातलेले नसत. धक्का बसताच भिंतीचे दोन्ही थर फुगून बाहेर पडले आणि माती खाली आली. कित्येक जण दगडांनी नव्हे, त्या मातीत गुदमरून गेले. ज्या घरांत खांब-तुळयांचे लाकडी खण भिंतींपासून वेगळे उभे होते, तिथे भिंती पडल्या तरी खण उभे राहिले आणि त्याखालची माणसे वाचली. आम्ही असेच वाचलो. माझी धाकटी बहीण दुसऱ्या खोलीत होती.

नंतर गावात बोलले जाऊ लागले की, देवाचा कोप झाला. कोणाच्या पापाचा, यावरही चर्चा झाली. माझी बहीण सहा वर्षांची होती. त्या चर्चेत बसलेल्या एकाही मोठ्या माणसाला तिचे वय आठवले नाही, आणि माझ्यातला श्रद्धाळू मुलगा तिथेच संपला. माझी आई मात्र अजूनही रोज पोथी वाचते आणि मी तिला चष्मा शोधून देतो. ती "का" हा प्रश्न देवाला विचारत नाही. तिच्या मते देव तिच्याबरोबर रडला. मला ते पटत नाही, पण तिचे ते म्हणणे मी कधी खोडत नाही.

गोदातीर सर, माझे मत कशाने बदलेल, याचे उत्तर मला सापडत नाही. निरपराध मुलाच्या मृत्यूचा न्याय्य हेतू कोणी दाखवला तर, असे लिहायला घेतले होते; परंतु तसा हेतू दाखवला गेला, तर त्या हेतूचाच मला राग येईल.

बिंदुसरा (बीड)

तेरणा भाऊ, तुमच्या बहिणीला माझा सलाम. मी मुसलमान आहे, नमाजी आहे, आणि भूकंपाला अल्लाहची शिक्षा म्हणणारे आमच्यातही भेटतात. माझ्या वडिलांना ते बोलणे सहन होत नसे. ते म्हणत, मेलेल्यांचा न्याय करायला माणसांना कोणी नेमलेले नाही. जगलेल्यांना पाणी पाजायला नेमले आहे.

सिंदफणा

भावनेचा आदर राखून एक मुद्दा मांडतो. किल्लारीचे उदाहरण विज्ञानाच्या बाजूने देणाऱ्यांनी हेही सांगावे की, भूकंपाआधी हाच भाग आपल्या देशाच्या भूकंप नकाशात पट्टा 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या भागात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे असे अभ्यासक्रमात शिकवले जाई. 1992 मध्ये त्या परिसराला धक्के बसले होते आणि लोक घाबरून रात्री बाहेर झोपत होते. शास्त्राने त्यांना काय दिले? माझी श्रद्धा मला निदान खोटा नकाशा देत नाही.

काळापाषाण

सिंदफणा, नकाशाविषयीचा तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तो बोचायला हवा. पुढे काय झाले तेही पाहू. 2002 मध्ये तो नकाशा बदलला, पट्टा 1 हा प्रकारच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग पट्टा 3 मध्ये गेला. पुनर्वसनाच्या घरांत आडवे पट्टे आणि कोपऱ्यांत सळया आल्या, आणि तेरणा म्हणतात ते गुंफणारे लांब दगड जुन्या घरांत बसवण्याची पद्धत गवंड्यांना शिकवली गेली. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगता येत नाही, हे विज्ञान आजही स्पष्टपणे सांगते. म्हणून जो कोणी तारीख सांगतो, तो पंचांगवाला असो वा प्राध्यापक, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

नकाशा चुकला, यापेक्षा तो चुकला असे कशावरून ठरले, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यात एक दावा लिहिलेला होता आणि घटनेने तो दावा मोडला. श्रद्धा खोटा नकाशा देत नाही हे खरे, कारण ती नकाशाच देत नाही.

सिंदफणा

हे मान्य करायला मला अडचण नाही. परंतु धर्म बदलत नाही, असा जो सूर लागतो, तो अन्यायाचा आहे. आमच्याच देवीपुढे आजोबांच्या काळात बोकड कापला जाई, आज कोहळा फोडतात. गाभाऱ्यात कोणी जायचे यावरून भांडणे झाली आणि सुटलीही. ते बदल प्रयोगांनी झाले नसतील, माणसांनी एकमेकांशी झगडून झाले.

ग्रामीण डॉक्टर

मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करतो. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात, आणि श्रद्धा विरुद्ध विज्ञान हा वाद मला मध्यरात्री, नातेवाइकांच्या घोळक्यात, दोन वाक्यांत मिटवावा लागतो.

आधी मांत्रिकाची बाजू मांडतो. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी सापही पुष्कळदा चावतो पण विष सोडत नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्या माणसांपैकी मोठा वाटा काहीही केले नाही तरी बरा होणारच असतो. मांत्रिकाला आणि गावाला हे बरे झालेले लोक रोज समोर दिसतात. जे वाचले नाहीत ते आठवणीत राहत नाहीत, किंवा "उशीर झाला" या सदरात जातात. त्यामुळे गावकरी मूर्ख आहेत असे मी कधीही म्हणणार नाही. त्यांना दिसणारा पुरावाच तसा गोळा झालेला असतो.

आता माझी बाजू. घोणस चावली की तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. आम्ही स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिली रक्त घेतो आणि ती नळी न हलवता वीस मिनिटे ठेवतो. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. रक्त गोठून चिकटून बसले असेल तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर विष शरीरात भिनलेले आहे. त्या वीस मिनिटांत मी नातेवाइकांना नळीजवळ उभे करतो. कोणीही बोलत नाही. रक्त वाहताना त्यांनी स्वतः पाहिले की, पुढे सलाइन लावू देताना कोणी हुज्जत घालत नाही. मण्यारीचे तर आणखी वाईट: ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखत नाही, खूणही सापडत नाही, पहाटे पोटात दुखू लागते आणि पापण्या मिटायला लागतात. अशा माणसाला देवळात नेऊन बसवले, तर श्वास थांबेपर्यंत तो नुसता पेंगतो आहे असेच वाटते. प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते आणि ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

माझी अट मी लिहून देतो. ज्या रुग्णाचे रक्त वीस मिनिटांनी गोठले नाही, त्याचे रक्त केवळ मंत्राने, प्रतिसर्पविष न देता, थोड्याच वेळात त्याच काचेच्या नळीत गोठते हे पुन्हा पुन्हा दिसले, तर मी मांत्रिकाच्या पाया पडेन आणि ते शिकेन. मात्र ही चाचणी मी कोणत्याही रुग्णावर होऊ देणार नाही, कारण तिची किंमत त्याच्या जिवात मोजावी लागेल.

कोणी अंगारा घेऊन येतो. मी तो कपाळाला लावू देतो, जखमेला नाही. एका म्हातारीने मला विचारले, "साहेब, तुमचा विश्वास नाही तर मग लावू का देता?" मी म्हणालो, "आजी, तुमचा नातू शांत पडून राहतो आहे, विष हळू पसरेल." डिसेंबर 2013 मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही नेमके हेच आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, हा गुन्हा. देवाची प्रार्थना करणे हा गुन्हा नाही. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर अठरा-वीस वर्षे झटले आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. तो कायदा वाचल्याशिवाय त्यावर बोलणारे मला दोन्ही बाजूंना भेटतात.

बिंदुसरा (बीड)

डॉक्टर साहेब, दवा आणि दुआ यांचा क्रम आपण नेमका लावलात.

अंकगणित

प्रार्थनेची चाचणी झालेली आहे. 2006 मध्ये अमेरिकेत सहा रुग्णालयांतल्या 1,802 बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यातल्या गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक आढळला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात ते प्रमाण 59 टक्के, म्हणजे किंचित अधिक निघाले. निकाल उलटा लागला असता, तर माझ्यासारख्या नास्तिकाला गंभीरपणे विचार करावा लागला असता. माझी अट ही होती.

आपल्याकडेही जयंत नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही प्रकारच्या मुलांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची हे विचारले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती.

गंगाखेडचा वारकरी

अंकगणित, ज्योतिषाबद्दल मी तुमच्याबरोबर आहे. परंतु शेकडो माणसांसाठी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मजकुराने, यादीतले नाव वाचून केलेले मागणे, याला मी प्रार्थना म्हणत नाही. देव जर असा मागणीप्रमाणे पुरवठा करणारा असता, तर तुमच्या अभ्यासात सापडला असता, आणि मग मला त्याची भक्ती करावीशी वाटली नसती.

अंकगणित

गुरुजी, मान्य. पण मग तुमच्याच गावात "अकरा गुरुवार करा, नोकरी लागेल" असे सांगणाऱ्याला हे तुम्ही सुनवायला हवे. माझ्यासारख्याने सुनावले की तो धर्मावरचा हल्ला ठरतो.

गंगाखेडचा वारकरी

सुनावतो. कीर्तनकारांनाही सुनावले आहे आणि त्यामुळे दोन सप्ताहांची निमंत्रणे थांबली आहेत.

दुधना

श्रद्धा कोणाच्या अंगावर खर्ची पडते, असे गोदातीर सरांनी विचारले, म्हणून लिहिते. मी आरोग्य विभागात आहे. आमच्या भागात एका बाईच्या डोक्यात जट होती. देवीची म्हणून ती कापायची नाही, विंचरायची नाही. कंबरेपर्यंत आलेली, पावसाळ्यात भिजली की ओलसर राहायची, वास यायचा, वजनाने मान एका बाजूला कललेली. मानदुखीच्या गोळ्या घ्यायला ती दर आठवड्याला यायची. आम्ही तिला देवी नाही असे कधीच म्हटले नाही. तसे म्हटले असते तर ती परत आलीच नसती. केस न विंचरल्यामुळे, तेल, मळ आणि हळद-भंडारा बसून गुंता कसा होतो ते दाखवले. तिची अट तिनेच सांगितली: आधी एका बाजूची चार बोटे कापा, पुढच्या अमावास्येपर्यंत घरात काही वाईट झाले नाही तर उरलेली. झाले नाही. पुरुषांच्या डोक्यात जट झाली की लगेच न्हाव्याकडे का नेतात, हा प्रश्नही तिचाच होता.

अंकगणित

दुधना ताई, या धाग्यातली सर्वांत शास्त्रशुद्ध चाचणी त्या बाईने केली आहे.

मिलिंद परिसर (छत्रपती संभाजीनगर)

चर्चा श्रद्धावान आणि नास्तिक अशा दोनच बाकांवर बसली आहे, म्हणून तिसरे बाक मांडतो. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांची पूजा नाकारलेली आहे आणि त्याच प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची, खोटे न बोलण्याची आणि दारू न पिण्याची बांधिलकीही आहे. माझ्या घरात देव नाही, पण वंदना आहे. तुमच्या मोजमापात मी कोठे बसतो? आपल्याकडची परंपराही दोन बाकांची नाही. लोकायतांनी, म्हणजे चार्वाकांनी, ईश्वर आणि परलोक दोन्ही नाकारले, जैनांनी सृष्टिकर्ता नाकारून मोक्ष मानला, जुन्या सांख्यांना ईश्वराची गरज वाटली नाही. वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात आहेत, तीही आपल्याच जिल्ह्यात.

शिवाय वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे अनुच्छेद 51 क प्रमाणे नागरिकाचे कर्तव्य आहे, आणि अनुच्छेद 25 प्रमाणे सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य हा हक्क आहे. एकाच संविधानात दोन्ही आहेत.

गोदातीर (नांदेड)

मिलिंद परिसर, आपला आक्षेप योग्य आहे. नांदेडकर म्हणून त्यात एक भर घालतो. विचारवंत नरहर कुरुंदकर उघडपणे नास्तिक होते, आणि ज्यांना ते आपले नेते मानत ते स्वामी रामानंद तीर्थ भगवी वस्त्रे नेसणारे संन्यासी होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्या संन्याशाच्या मागे आस्तिकही गेले आणि नास्तिकही. ईश्वराबद्दल एकमत झाल्याशिवाय निजामाशी लढता येणार नाही, असे त्यांच्यापैकी कोणाला वाटले नाही.

इतक्या उत्तरांनंतर मला असे दिसते की, तेरणा आणि वारकरी गुरुजी यांची मते पुराव्याने बनलेली नाहीत आणि पुराव्याने मोडणारही नाहीत. माणसांनी माणसांशी कसे वागावे, यावर ती उभी आहेत. तिथे विज्ञानाला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही. परंतु नारळ, सर्पदंश, जट, कुंडली या ठिकाणी जगाबद्दल काही ठाम सांगितले जात आहे, आणि तिथे अट मागण्याचा हक्क मी सोडणार नाही. मांजराकाठ दादा, आपण सुरुवातीला प्रश्न विचारला होता, मत कशासाठी बदलायचे. आजोबांच्या बाबतीत आपली अट काय?

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

सर, मी सगळे वाचत होतो. डॉक्टर साहेबांचे वाचले त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवले.

आजोबांशीही बोललो. ते म्हणाले की, साठलेले पाणी मला कळत नाही, वाहते कळते. ते चाचणीला तयार आहेत, मात्र टवाळखोर पोरे तिथे नकोत आणि मोबाइलवर चित्रीकरण नको. काळापाषाण साहेबांनी पद्धत सांगावी. आजोबा हरले तर मी बोअरसाठी नारळ फिरवणार नाही. विहिरीचे मात्र नंतर बघू.

काळापाषाण

आजोबांच्या दोन्ही अटी मान्य. आपल्या रानात ठिबकचे पाइप असतीलच. मोकळ्या, सपाट जागेत पाच पाइप दहा-दहा फूट अंतरावर, दोन फूट खोल पुरायचे. प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह, आणि पाणी दूर ओढ्यात सोडायचे. आधी दोन दिवस सगळे पाइप चालवून गळती तपासायची, म्हणजे वरची माती ओली होणार नाही. मोटार सतत चालू राहील, म्हणजे आवाजावरून काही कळणार नाही. दर फेरीला चिठ्ठी काढून एकच व्हॉल्व्ह उघडायचा. चिठ्ठी काढणारा गोठ्याच्या आड राहील आणि आजोबांबरोबर चालणाऱ्याला उत्तर माहीत नसेल. अशा वीस फेऱ्या. नुसत्या अंदाजाने चारच्या आसपास बरोबर येतील. दहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता हजारात तीनपेक्षाही कमी आहे, म्हणून दहा आली तर माझे मत चुकले असे मी इथेच लिहीन आणि कारण शोधायला आजोबांच्या पायाशी बसेन. आजोबांना थकवा येणार असेल तर फेऱ्या दोन सकाळी वाटून घेऊ. पहिल्या फेरीआधी व्हॉल्व्ह उघडा आहे हे त्यांना सांगून एकदा नारळ फिरवू द्यायचा. तेव्हा तो उभा राहिला नाही तर पाइपातल्या पाण्यावर त्यांची विद्या चालत नाही असे समजून चाचणीच रद्द करायची, त्यांची हार धरायची नाही.

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

चालेल. पाइप आणि मोटार माझी. सोयाबीन निघाले की रान मोकळे होईल, त्याआधी भारनियमनाचे वेळापत्रक बघून सकाळची वेळ कळवतो. आजोबांना न्यायला-आणायला मी जातो. डॉक्टर साहेब आणि वारकरी गुरुजी दोघांनीही साक्षीदार म्हणून यावे, जेवण आमच्याकडे.

गंगाखेडचा वारकरी

येतो. एकादशी सोडून कोणताही दिवस धरा.